१०० ग्रेनवर नेम, १२५ ग्रेनवर चूक : दोष वजनाचा किती?

माझ्याकडे नागपुरात सहा वर्षं तिरंदाजी शिकलेला एक मुलगा आता अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये नोकरी करतो. यंदा त्याने तिथलं रीतसर लायसन्स काढून हरणाच्या सीझनसाठी कंपाउंड, म्हणजे चाकांचं, धनुष्य घेतलं. त्याचा निरोप असा : "सर, ६० पाउंडाचा बो, ४०० स्पाइनचा कार्बन शाफ्ट, साडेअठ्ठावीस इंच लांब. १०० ग्रेनच्या साध्या फील्ड पॉइंटने ३० यार्डावर ग्रुप मुठीएवढा येतो. १२५ ग्रेनचं तीन पात्यांचं ब्रॉडहेड लावलं की बाण ७ सेंटिमीटर खाली आणि १२ सेंटिमीटर डावीकडे. दुकानदार म्हणतो, वजन जास्त झालं, १०० ग्रेनचं घे. घेऊ का?" नवख्यांसाठी आधी सांगतो : ग्रेन हे वजनाचं बारीक माप, पंधराएक ग्रेनचा एक ग्रॅम. शाफ्ट म्हणजे बाणाची काडी, स्पाइन म्हणजे तिच्या ताठपणाचा आकडा. फील्ड पॉइंट हे सरावाचं गुळगुळीत टोक, ब्रॉडहेड हे शिकारीचं धारदार पात्यांचं. आणि ग्रुप म्हणजे लागलेल्या बाणांचा पुंजका.

अरे राजा, थांब जरा. नवीन पाकीट विकत घेण्याआधी थोडा हिशेब करू. ७ सेंटिमीटरपैकी ३ वजनाचे आहेत. उरलेले ४ आणि डावीकडचे सगळेच्या सगळे १२, यांचा आणि तराजूचा थेट संबंध नाही. हे मी कशावरून म्हणतो ते सांगतो, कारण हाच गोंधळ इथे मानकापूरच्या मैदानावरही दर महिन्याला होतो. फक्त आमच्याकडे पाती नसतात, साधे पॉइंट असतात.

आधी खाली जाण्याचं बघू. तू लिहिलंस की १०० ग्रेनच्या पॉइंटसकट तुझा बाण ४०० ग्रेनचा भरतो आणि दुकानातल्या यंत्रावर वेग सेकंदाला २६५ फूट दाखवला. २५ ग्रेन वाढवलेस की बाण ४२५ चा झाला, म्हणजे सव्वासहा टक्के जड. धनुष्यात साठणारी ताकद तेवढीच राहते, त्यामुळे वेग पडणारच. पण तो सव्वासहा टक्के पडत नाही. ताकद वेगाच्या वर्गावर जाते, शिवाय दोरी, लिम्ब (धनुष्याचे दोन हात) आणि कॅम (त्यांच्या टोकांची चाकं) यांनाही पळवण्यात थोडी खर्च होते. तुझ्या सेटअपला तो साधारण २५८ वर येईल. बाणाला पोचायला किंचित जास्त वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात पृथ्वी त्याला थोडा जास्त ओढून घेते. हवेचा विरोध बाजूला ठेवून आकडे काढले, तर २० यार्डावर फरक दीड सेंटिमीटरसुद्धा नाही, ३० वर सुमारे ३ आणि ४० वर साडेपाच-पावणेसहा. बस्स. इंचभर खाली आलेला बाण साइटची (धनुष्यावरच्या नेम धरायच्या साधनाची) पिन किंचित खाली सरकवून वर आणता येतो. त्यासाठी कोणी ब्रॉडहेड बदलत नाही.

जिथे अंतर मोठं आणि धनुष्य हळू, तिथे मात्र हाच फरक अंगावर येतो. आमच्या रिकर्व्हच्या, म्हणजे बिनचाकाच्या धनुष्याच्या, मुलांचा बाण सेकंदाला १९० फुटांच्या आसपास जातो आणि टार्गेट असतं ७० मीटरवर. तिथे ३२० ग्रेनच्या बाणाला २० ग्रेन वाढवले की बाण ३५ सेंटिमीटर खाली येतो. १२२ सेंटिमीटरच्या फेसवर (टार्गेटच्या कागदावर) एक रिंग ६.१ सेंटिमीटरची असते, म्हणजे दहाचा बाण पाचच्या आतबाहेर. मागच्या वर्षी एका पोराने आईला न सांगता बहिणीच्या बाणांचे पॉइंट आपल्या बाणांना लावले होते. ते दोघे एकमेकांवर साइट बिघडवल्याचा आरोप करत पंधरा मिनिटं भांडत होते. शेवटी तराजू आणला तेव्हा मिटलं.

तराजूवरून आठवलं. ग्रेन हे माप लोकांना परकं वाटतं, पण आपल्या इतवारीच्या सराफ्यात ते बरीच वर्षं मुक्कामाला होतं. इंग्रजांच्या काळात ठरवून दिलेला तोळा १८० ग्रेनचा आणि १८३५ नंतरचा चांदीचा रुपयाही १८० ग्रेनचा. तोळ्याच्या ९६ गुंजा, म्हणजे गुंज झाली पावणेदोन ग्रेनच्या थोडी वर. तुझे वादग्रस्त २५ ग्रेन म्हणजे तेराएक गुंजा. ग्रॅममध्ये १.६. मी पॉइंट तोलायला सोनाराचाच छोटा डिजिटल काटा वापरतो, त्यात ग्रेनचं बटण असतंच. तू तिथे तसा एखादा घे, महाग नसतो. कारण पाकिटावर १०० छापलं म्हणून आतला प्रत्येक पॉइंट १०० चा असतोच असं नाही. माझ्याकडे एका डझनात सगळ्यात हलका ९८ च्या जरा वर आणि सगळ्यात जड १०२ ला टेकलेला निघाला होता. ४ ग्रेनने तुझ्या ३० यार्डावर काही बिघडत नाही. पण एखादा बाण सतत ग्रुपबाहेर जात असेल, तर हाताला दोष देण्याआधी तो काट्यावर ठेवावा.

आता मुख्य गोष्ट. वजन वाढल्याने बाण खाली जातो हे सगळ्यांना दिसतं. न दिसणारी गोष्ट ही की पुढचं वजन वाढलं की बाण जास्त वाकतो.

उन्हाळ्यात आंबे काढायचा लांब बांबू आठव, टोकाला जाळी बांधलेला. जाळी रिकामी असताना बांबू झटकन पुढे ढकललास तर तो जवळजवळ सरळ जातो. जाळीत चार आंबे असताना तसाच झटका दे. टोक जागेवर राहायला बघतं, मागून तुझा जोर, आणि मधे बांबूला पोट येतं. बाणाचं अगदी तेच. दोरी मागून ढकलते, पॉइंट पुढे अडून बसतो आणि शाफ्ट मधे वाकतो. मग उलट्या बाजूला वाकतो, पुन्हा इकडे, आणि असा मासळीसारखा वळवळत काही मीटर गेल्यावर शांत होतो. टोकाचं वजन जितकं जास्त, तितका पहिला वाक मोठा.

शाफ्टवर छापलेला ४०० हा आकडा या वाकण्याचा नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तो आकडा प्रयोगशाळेतला : शाफ्ट २८ इंच अंतराच्या दोन टेकूंवर आडवा ठेवायचा, मधोमध १.९४ पाउंड, म्हणजे ८८० ग्रॅम लटकवायचे आणि किती झुकला ते इंचाच्या हजाराव्या भागात मोजायचं. ४०० म्हणजे ०.४०० इंच झुकला. आकडा लहान तितका शाफ्ट ताठ. ही झाली आडव्या पडलेल्या बाणाची गोष्ट. सुटताना बाण किती वाकेल ते ठरतं धनुष्याच्या पाउंडेजवर (ओढायला लागणाऱ्या जोरावर), कॅमच्या झटक्यावर, शाफ्टच्या लांबीवर आणि पुढच्या वजनावर. त्यामुळे तोच ४०० चा शाफ्ट १०० ग्रेनला बरोबर आणि १२५ ला मऊ ठरू शकतो. शाफ्ट बनवणाऱ्यांच्या तक्त्यात पॉइंटच्या वजनाचे वेगळे रकाने याचसाठी असतात. तू बहुतेक १०० च्या रकान्यात बोट ठेवून शाफ्ट घेतलास. आता १२५ च्या रकान्यात ६० पाउंड आणि साडेअठ्ठावीस इंच कुठे पडतात ते बघ. सीमेवर असशील तर पुढचा, ३४० किंवा ३५० चा शाफ्ट सुचवलेला दिसेल.

आणखी एक. शाफ्टला 'ब्रॉडहेड' कळत नाही, त्याला फक्त पुढच्या टोकाचं एकूण वजन कळतं. शाफ्टच्या तोंडात बसवलेला, टोक ज्यात आवळतात तो इन्सर्ट ॲल्युमिनियमचा आहे की पितळी, त्यावर ५० ग्रेनचा फरक सहज पडतो. १०० ग्रेनचं हेड आणि जड पितळी इन्सर्ट घेऊन 'मी तर हलकंच वापरतो' म्हणणारे लोक मी पाहिलेत.

आता तुझ्याकडून करून घ्यायचं काम. १०० ग्रेनचे फील्ड पॉइंट आणि १२५ ग्रेनचं ब्रॉडहेड यांची तुलना करणं मुळातच चुकलं, कारण तू एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्यास : वजन आणि पातं. दोघांपैकी कोण दोषी ते कसं कळणार? १२५ ग्रेनचे साधे फील्ड पॉइंट आण. सहाचं पाकीट ब्रॉडहेडच्या मानाने स्वस्तात मिळतं. त्याच शाफ्टना लाव, तुझ्या जुन्या साइटवर ३० यार्डावरून सहा बाण सोड. माझा अंदाज, ते तीनएक सेंटिमीटर खाली लागतील आणि ग्रुप मुठीएवढाच राहील. तसं झालं तर वजनाची केस तिथेच बंद. ग्रुप पसरला किंवा एका बाजूला सरकला, तर शाफ्ट मऊ पडतोय, आणि मग रेस्टला (धनुष्यावर बाण टेकतो त्या आधाराला) हात लावण्याआधी शाफ्टचाच विचार करावा लागेल.

यात एक खुंटी मारून ठेवतो. आमच्या रिकर्व्हमध्ये, उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बिनपिसाचा बाण उजवीकडे पडला की मऊ, डावीकडे पडला की ताठ, हा नियम मी मुलांकडून पाठ करून घेतो. तू तो इथे शिकलास आणि तुझ्या डोक्यात तो घट्ट बसलाय हे तुझ्या निरोपावरून दिसतं : 'डावीकडे जातोय म्हणजे ताठ असेल ना?' नाही रे. तो नियम बोटांनी दोरी सोडणाऱ्याचा. बोटावरून दोरी निसटताना बाजूला घसरते, म्हणून वाक आडवा येतो. तू रिलीज (दोरी सोडायचं चापाचं साधन) वापरतोस, दोरी जवळजवळ सरळ जाते आणि वाक बराचसा उभ्या दिशेत येतो. डाव्या-उजव्यावरून कंपाउंडचा स्पाइन ठरवायला गेलास तर फसशील.

इथून पुढे पात्याची गोष्ट. फील्ड पॉइंट गुळगुळीत असतो, हवेला पकडायला त्याच्याकडे काही नाही. बाण थोडा वाकड्या तोंडाने सुटला तरी मागच्या व्हेन्स (बाणाची प्लास्टिकची पिसं) त्याला ओढून सरळ करतात आणि तुला कळतही नाही. ब्रॉडहेडची पाती म्हणजे पुढच्या टोकाला बसवलेले छोटे पंख. बाण सुटताना नाक अर्धा अंश डावीकडे असेल तर पुढचे पंख त्याला आणखी डावीकडे घेऊन जातात आणि मागचे सरळ करायला बघतात. एकाच बाणाला दोन सुकाणू, दोन्ही टोकांना एकेक. पातं जितकं रुंद, जितकं लांब, तितकं पुढच्या सुकाणूचं चालतं. म्हणून १२५ ग्रेनची दोन ब्रॉडहेड वजनाला सारखी असूनही वेगळी उडतात. आखूड, छिद्रं असलेल्या पात्याचं शांत जातं. लांब रुंद पात्याचं वाऱ्यावर स्वार होतं. मेकॅनिकल हेडची पाती उडताना मिटलेली असतात, त्यामुळे ती फील्ड पॉइंटच्या जवळ लागतात. मात्र लागल्यावर पाती उघडायला बाणाचीच थोडी ताकद खर्च होते, आणि ट्यूनिंगमधली (धनुष्य-बाणाच्या जुळणीतली) चूक मेकॅनिकल झाकते, काढत नाही.

तेव्हा तुझे १२ सेंटिमीटर डावीकडचे म्हणजे तुझा बाण रोजच थोडा डावं नाक करून सुटत होता. ब्रॉडहेडने फक्त चहाडी केली.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २०१६ मध्ये मेहुण्याकडे मिनेसोटाला अडीच महिने होतो. त्याच्या गावाबाहेरच्या रेंजवर ब्रॉडहेडसाठी वेगळं फोमचं टार्गेट होतं. पहिल्या दिवशी माझ्याच हाताने ट्यून केलेला, कागदातून सरळ भोक पाडणारा बो घेऊन उभा राहिलो, नागपूरच्या कोचची ऐट दाखवत. पहिला ब्रॉडहेड बाण ३० यार्डावर वीतभर उजवीकडे. मेहुण्याचा शेजारी हसू दाबत होता. कागदाची चाचणी दोन मीटरवरून केलेली असते, तिथे अर्ध्या अंशाचा वाकडेपणा डोळ्याला दिसतच नाही. ३० यार्डावर पात्याने तो मोठ्या अक्षरात लिहून दाखवला.

रेस्ट सरकवण्याआधी मात्र एक घरगुती तपासणी कर. रात्री ट्यूबलाइटखाली बस. डाव्या हाताच्या अंगठ्याच्या नखावर ब्रॉडहेडचं टोक टेकव, शाफ्ट जवळजवळ उभा धर आणि उजव्या हाताच्या चिमटीत नॉकजवळ (दोरी अडकते त्या मागच्या खाचेजवळ) धरून भोवऱ्यासारखा फिरव. टोक टोकदार आहे, दाबू नकोस, पात्याला बोट लागू देऊ नकोस. आता हेड जिथे शाफ्टला मिळतं तिथे बघ. बरोबर बसलेलं असेल तर तो सांधा जागच्या जागी फिरतो, नखाला फक्त गुदगुली होते. वाकडं असेल तर सांध्याशी लहानसं वर्तुळ दिसतं आणि नखावर टकटक जाणवते. मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला डोळे मिटून ही टकटक ओळखायला लावतो. साधे पॉइंट फिरवूनच, अर्थात. टकटकणारं हेड दुसऱ्या शाफ्टवर लाव. टकटक हेडसोबत गेली तर हेड वाकडं. शाफ्टपाशी राहिली तर इन्सर्ट तिरका बसलाय किंवा शाफ्ट कापताना टोक काटकोनात आलेलं नाही. ते घासून सरळ करायचं छोटं हत्यार तिकडच्या दुकानात असतं. सहापैकी दोन बाण टकटकणारे निघाले तर ते सरावापुरते ठेव. ब्रॉडहेडला उरलेले चार पुरेत.

मग रेस्ट. हे काम मन लावून कर, घाई नको. ब्रॉडहेडचा ग्रुप फील्ड पॉइंटच्या ज्या बाजूला पडतो, रेस्ट त्याच्या उलट, म्हणजे फील्ड पॉइंटच्या दिशेने सरकवायचा. तुझं ब्रॉडहेड डावीकडे, तर रेस्ट उजवीकडे. कारण सोपं आहे : रेस्ट बाणाच्या पुढच्या भागाखाली असतो. तो उजवीकडे नेलास की नाक उजवीकडे वळलं. खाली पडणाऱ्या ४ सेंटिमीटरसाठी रेस्ट किंचित वर. आधी उभं दुरुस्त कर, मग आडवं, दोन्ही एकदम नको. एका वेळी इंचाचा बत्तिसावा भाग, पाऊण मिलिमीटरच्या जरा वर. रेस्टच्या बाजूला पेन्सिलची खूण कर म्हणजे हरवणार नाहीस. दर बदलानंतर तीन फील्ड, तीन ब्रॉडहेड. गंमत बघ, दोन्ही ग्रुप हलतील, पण ब्रॉडहेडचा जास्त हलेल आणि फील्डचा कमी, म्हणून ते जवळ येतात. एकत्र आले की मगच साइट हलव. लोक उलटं करतात. ब्रॉडहेड डावीकडे लागलं की साइट डावीकडे नेतात आणि सीझन संपल्यावर फील्ड पॉइंट लावून परत उजवीकडे. वर्षानुवर्षं. त्यांचा बाण प्रत्येक वेळी वाकड्या तोंडानेच जातो आणि लागतानाही वाकडाच लागतो. वाकडा लागलेला बाण आत कमी शिरतो, आणि जनावर जखमी होऊन पळतं. तुला ट्यूनिंग करायला लावण्यामागे माझं खरं कारण हे आहे, ग्रुप सुंदर दिसावा हे नाही.

चार वेळा सरकवूनही दोन ग्रुप जवळ येईनात, तर शाफ्ट मऊ आहे हे धरून चाल. मग तुझ्याकडे दोन रस्ते : पाउंडेज दोन-तीन पाउंड खाली आण, किंवा ताठ शाफ्ट घे. शाफ्ट अर्धा इंच कापल्यानेही ताठपणा येतो, पण पूर्ण ओढल्यावर पातं रेस्टच्या आणि बोटांच्या किती पुढे राहतं ते मोजल्याशिवाय करवतीला हात लावू नकोस. फील्ड पॉइंटच्या हिशेबाने कापलेल्या शाफ्टवर ब्रॉडहेड लावून पूर्ण ओढलं आणि पातं तर्जनीच्या नखाशी आलं, असं मी मिनेसोटात एकाचं पाहिलंय. त्या माणसाने हळूच बो खाली केला आणि बराच वेळ काही बोलला नाही.

तू समतोलाबद्दलही विचारलंस, बाणाचा तोल पुढे किती असावा म्हणून. मोजायचं असं : नॉकच्या खाचेपासून शाफ्टच्या टोकापर्यंतची लांबी घे, पॉइंट सोडून. पॉइंट लावलेला बाण सुरीच्या पाठीवर तोल आणि खाचेपासून तोलाच्या जागेपर्यंत मोज. त्यातून अर्धी लांबी वजा कर, उरेल त्याला पूर्ण लांबीने भाग, शंभरने गुण. तुझी लांबी ७२.४ सेंटिमीटर, अर्धी ३६.२. १०० ग्रेनवर तुझा तोल ४४ च्या आसपास पडत असेल, म्हणजे ११ टक्के. १२५ वर ४५.८ च्या जवळ, म्हणजे १३. शिकारीच्या बाणाला १० ते १५ टक्के चांगले मानतात, तू दोन्हीकडे आत आहेस. तोल पुढे गेला की मागच्या व्हेन्सना जास्त तरफ मिळते आणि बाण लवकर सावरतो. म्हणजे या एका बाबतीत १२५ तुझ्या बाजूनेच आहे. वीस-बावीस टक्क्यांचे बाण बनवणाऱ्यांचा एक वेगळा पंथ आहे. त्यांच्याशी वाद घालायला मला वेळ नाही. तू ३० यार्डाच्या आत सोडणार आहेस, तुला गरज नाही.

राहिला तुझा मूळ प्रश्न, १०० की १२५. ताकदीचं म्हणशील तर दोन्हीत ८४-८५ जूलच आहेत, फरक नाही. वजन गुणिले वेग बघितलं, जो आत शिरण्यासाठी जास्त कामाचा हिशेब, तर १२५ साधारण साडेतीन टक्के पुढे. एवढ्यासाठी आकाशपाताळ एक करू नये. मी तुझ्या जागी असतो तर १२५ ठेवलं असतं, पण तक्त्यात शाफ्ट बसत असेल तरच. शाफ्ट बसत नसेल आणि नवीन डझन घ्यायचे पैसे नसतील तर १०० चं त्याच पात्याचं हेड घे आणि वर सांगितलेली सगळी कवायत त्यावर कर. १०० चं घेतलं म्हणून डावीकडचे १२ सेंटिमीटर आपोआप जाणार नाहीत, ते रेस्टपाशी उभे राहूनच काढावे लागतील. हेडच्या रुंदीचा तिथला नियमही बघून ठेव. किमान ७/८ इंच अशी अट अमेरिकेत बऱ्याच राज्यांत असते.

हे वाचून इकडचे काही जण विचारतीलच, म्हणून आधीच सांगतो, कारण पेंच आणि उमरेड-कऱ्हांडल्याच्या बाजूची शेती असलेले दोन पालक मला खरोखर विचारून गेलेत : 'सर, रानडुकरासाठी असं काही?' नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ९ ने शिकारीला बंदी आहे. त्या कायद्यात 'शस्त्र' म्हणजे काय याची जी व्याख्या आहे, तीत बंदुकीसोबत धनुष्यबाणाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. अभयारण्यात परवानगीशिवाय ते घेऊन शिरणंही गुन्हा. पिकाच्या नुकसानीचा रस्ता वन विभागाच्या कार्यालयातून जातो, माझ्या मैदानावरून नाही. २०२३ मध्ये आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेने बर्लिनला जागतिक स्पर्धेच्या फायनलमध्ये १५० पैकी १५० मारले. तेव्हापासून कंपाउंडची चौकशी करणारे माझ्याकडे वाढलेत. त्यातल्या दहांपैकी एखादा पहिल्याच भेटीत मोबाइलवर अमेरिकन शिकारीचा व्हिडिओ उघडून दाखवतो. त्याला मी गुळगुळीत पॉइंट हातात देतो आणि फेसकडे बोट करतो.

इन्सर्टबद्दल एक राहिलं. तू तुझे जुने नागपूरचे शाफ्ट तिकडे नेलेस म्हणालास. त्यांचे इन्सर्ट हॉट मेल्टने (तापवून लावायच्या गोंदाने) चिकटवलेले आहेत. मागच्या मे महिन्यात माझ्या गाडीच्या डिकीत बाणांची पेटी दुपारभर राहिली, बाहेर ४५ अंश. संध्याकाळी बटमधून (टार्गेटच्या गादीतून) बाण ओढला तर शाफ्ट हातात आणि पॉइंट आत. सहापैकी तिघांचं तसं झालं. विस्कॉन्सिनला ऊन तेवढं नाही, पण थंडीत कडक होऊन सुटलेला गोंद मी तिकडेही पाहिलाय. ब्रॉडहेड आत राहणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. जुन्या शाफ्टचे इन्सर्ट काढून इपॉक्सीने बसव. काढताना ज्योत पॉइंटवर धर, कार्बनवर नाही. पॉइंट बोटाला चटका देण्याइतका तापला की पक्कडीने फिरवून ओढ. शाफ्ट तापून पांढुरका पडला किंवा धागे सुटले तर तो फेकून दे, पैशाकडे बघू नकोस.

सरावाला वापरलेली पाती शिकारीला नेऊ नकोस. फोम धार खातो. सराव झाला की पाती बदल, आणि बदलल्यावर पुन्हा नखावर फिरवून बघ.

१२५ च्या फील्ड पॉइंटचा ग्रुप कुठे पडला त्याचा फोटो पाठव, शेजारी मोजपट्टी ठेवून, अंदाजाने सांगू नकोस. आणि मे महिन्यात येशील तेव्हा बो आण, शाफ्ट आण. ब्रॉडहेड तिकडेच ठेव.